दाव्यांचा एकच फोल्डर

५ जानेवारी, सोमवार

तलासरी. संघटनेच्या कार्यालयातला सर्व्हर सकाळी पुन्हा बंद. पंधरवड्यात तिसऱ्यांदा. बोर्डीहून परेशभाईला बोलावलं. तिकडच्या शाळांची, वाडीवाल्यांची यंत्रं तोच सांभाळतो, आमचंही तोच. झाकण उघडून त्याने फुंकर मारली. धूळ त्याच्याच चष्म्यावर बसली.

"ताई, ह्याला बनवणारी कंपनी पण आता ह्याची खबर काढत नाय. तुमीच एकटे प्रेम करता."

ठरलं : फेब्रुवारीअखेर नव्या सर्व्हरवर जायचं. नवा लिनक्सवर चालेल. ते कोणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं आहे. एवढं ऐकल्यावर मी फार प्रश्न विचारले नाहीत.

त्याची अट एकच. आधी यादी हवी : यंत्र कोण कोण वापरतं, कोणाला काय उघडता येतं. "माणसं पयली हलवायची, कागद मागून."

दोन दिवसांत देते म्हटलं. हसला.

७ जानेवारी, बुधवार

यादी. यंत्रावर एकेचाळीस नावं. प्रत्यक्षात काम करणारे सतरा. बाकीचे लग्न होऊन गेलेले, नोकरीला लागलेले, दोघे वारलेले, एक समोरच्या पक्षात. शिवाय 'टेस्ट', 'टेस्ट २' आणि 'राजा'. राजा कोण, कोणालाच माहीत नाही. खोडत गेले.

एक गोष्ट खटकली. प्रत्येक कार्यकर्त्याचा स्वतःचा फोल्डर, त्यात त्याने हाताळलेले वनहक्काचे दावे, आणि दुसऱ्याला तो उघडत नाही. जमीन लोकांची, दावा लोकांचा, कुलूप कार्यकर्त्याचं. लक्षीला विचारलं. तलासरीचं कार्यालय पंधरा वर्षं तीच चालवते.

"असं का ठेवलंय?"

"पयल्यापासून हाय."

हे उत्तर मी आजवर जमीनदारांच्या तोंडून ऐकलंय.

९ जानेवारी, शुक्रवार

डहाणू. तिथलं काम काशिनाथ बघतो. संघटनेत आम्ही एकाच वर्षी आलो. त्याच्या फोल्डरची माहिती लक्षीलाही नाही.

"कुलूप कशाला?"

"माझं कपाट आहे ते, सुमन. मालकी नाही."

"कपाटाला कुलूप लावतो तोच मालक."

"हे सभेत बोल. टाळ्या पडतील."

मग चहा. त्याच्या गुडघ्यांची चौकशी, माझ्या घशाची. पासवर्ड दिला नाही. परत येताना परेशभाईला फोन केला. तो म्हणतो, गरज नाही, सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे सगळ्यांची चावी असते. काशिनाथला हे कळवलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

साप्ताहिक बैठक. तेरा जण. चाळीस मिनिटं बोलले. कागदावरची मक्तेदारी जमिनीवरच्या मक्तेदारीइतकीच जुनी आहे, हा मुद्दा. कपाटाला कुलूप लावतो तोच मालक, हेही बोलले. एकेका दाव्याचा एकेक रखवालदार कशाला? नव्या यंत्रावर 'दावे' नावाचा एकच फोल्डर, सगळ्यांना खुला, कोणाचाही खासगी कोपरा नाही. ठराव मंजूर, बारा हात वर. काशिनाथने हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. त्याची ती जुनी पद्धत.

शेवटी परेशभाई मागच्या बाकावरून :

"ताई, एक विचारू? एकच नाव दोन वेळा आलं, तर?"

"आमच्याकडे माणूस एकदाच जन्मतो, परेशभाई."

हशा. टाळ्या. तोही हसला.

घसा बसलाय. मीठपाणी.

१५ जानेवारी, गुरुवार

आज चाचणी. सगळ्यांचे फोल्डर नव्या यंत्रावर उतरवून एकत्र केले. परेशभाई पडद्यासमोर, मी फोनवर, शनिवारच्या कोसबाडच्या सभेचं ठरत होतं. त्याने दोनदा हटकलं. एका नावाचे फोल्डर एकमेकांत मिसळू का? मिसळ. एका नावाच्या फायली आल्या तर नवी ठेवू, जुनी सोडू? ठेव नवी, जुन्याचं काय करायचंय.

त्याने वही काढली. "लिहून ठेवतो हां. दोन वेळा विचारलं, दोन वेळा ताई हो बोलल्या."

"कोर्टात जायचंय का?"

"धंद्यात लिहिलेलं बरं."

संध्याकाळी जुनं यंत्र बंद करून कोपऱ्यात ठेवलं. उद्यापासून सगळ्यांनी नव्यावरच काम करायचं, म्हणजे सवय होईल. हीही सूचना माझीच.

१७ जानेवारी, शनिवार

सायवनहून सोनी धोडी आली. नवरा बोटीवर, होळीशिवाय येणार नाही. दाव्यामागे हीच फिरते. तिच्या दाव्याची सुनावणी लागली, २९ तारखेला, डहाणूला प्रांत कचेरीत. कागद २१ च्या आत द्यायचे.

दावा दोन एकरांच्या आतला. एकदा फेटाळला गेलाय, हे अपील. पुरावा म्हणावा असा एकच : सासऱ्याचा, शुक्र्या धोडींचा जबाब. जमीन कधीपासून कसतात, हद्द कुठून कुठे. लक्षीने लिहून घेतला होता, खाली अंगठा. म्हातारा दोन वर्षांपूर्वी गेला. मूळ कागद पावसात भिजून लगदा झाला, यंत्रावर स्कॅन तेवढा आहे.

"बाबांचा कागद हाय ना, ताई?"

"आहे."

"मंग झालं."

पिशवीतून वालाच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या नि गेली. लक्षी रजेवर, भावाचं लग्न. कागद मीच काढीन.

कोसबाडची सभा चांगली झाली. हे कशाला लिहिलं, माहीत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

सोनीचे कागद दिले. 'दावे' उघडलं, शुक्र्या धोडी, त्यात जबाब. दीड पान. छापलं, सत्यप्रत म्हणून सही केली, डहाणूला जाऊन दाखल केलं, पोच घेतली. पूर्वी याच कामासाठी लक्षीला शोधा, तिचा पासवर्ड विचारा, अर्धा दिवस जायचा. परेशभाईला फोन करून शाबासकी दिली.

"वापरून बघा अजून पंधरा दिवस," म्हणाला. "नवीन नवरी आहे."

२३ जानेवारी, शुक्रवार

लक्षी आली. हाताला अजून हळद. आल्या आल्या सोनीच्या फायलीतली आमची प्रत वाचायला घेतली. मी वर्तमानपत्र वाचत होते.

"ताई, हे कोनचं?"

"सोनीचं."

"सायवनला ताड कुठला?"

पूर्वेला ताडांची रांग, असं जबाबात आहे. ताड समुद्राच्या बाजूला. सायवनला साग, महू, दगड. लक्षीने पान उलटून अंगठा पाहिला, खालचं गाव पाहिलं आणि खाली बसली.

"हा काशिनाथदादाचा शुक्र्या. बोर्डीच्या टेकडीखालचा. आपला न्हाय."

त्या एका फोल्डरमध्ये चार शुक्र्या धोडी एकत्र झाले आहेत. चौघांच्या जबाबाच्या फायलीचं नाव 'जबाब'. त्यातली सगळ्यात नवी फाइल राहिली, ती काशिनाथच्या माणसाची.

शुक्रवारी जन्मला तो शुक्र्या. सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, शनिवारचा शिणवार. आडनावं मोजून दहा-बारा. लक्षी म्हणाली, "म्हनून तं आमी आपापल्यात ठेवायचो. माझ्यात एकच शुक्र्या व्हता. काशिनाथदादात एक. इचारायचंच नाय कोनचा."

फोल्डरच्या नावात गाव, पाडा लिहायची त्यांना कधी गरज पडली नाही. कोणाच्या फोल्डरमध्ये आहे, त्यावरून माणूस ओळखू येत होता. त्यालाच मी मक्तेदारी म्हटलं होतं.

"तुमी शाळेत शिकवायच्या, तवा वर्गात किती शुक्र्या व्हते?"

तीन होते. हजेरीत मी त्यांना क्रमांक दिले होते.

२४ जानेवारी, शनिवार

जुनं यंत्र लावलं. पंखा फिरतो, पुढे काही नाही. परेशभाईने आतली डिस्क काढली, रुमालात गुंडाळून बोर्डीला घेऊन गेला. मी त्याच्याकडे पाहत होते, तो माझ्याकडे नाही.

"बॅकअप?" विचारलं.

"ताई, बॅकअपच्या डिस्कवर तुमच्या लोकांनी मोर्च्याचे व्हिडिओ भरलेत. सगळ्यांत तुमीच आहात."

सोनीला अजून कळवलेलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

परेशभाईचा फोन नाही. मी दोनदा केला. दुसऱ्यांदा त्याच्या बायकोने उचलला : ते यंत्राशी बसलेत, जेवायला पण उठत नाहीत, तुम्ही फोन करू नका.

दिवसभर वाचायचा प्रयत्न. जाडं पुस्तक, बारीक टाइप. पाच पानं झाली, एकही आठवत नाही. दीड पानाचा जबाब मात्र वाचावासा वाटला नव्हता.

२७ जानेवारी, मंगळवार

मिळाला. डिस्कचा बराचसा भाग वाचता आला, लक्षीचा फोल्डर अख्खा. सायवनचे शुक्र्या धोडी : उत्तरेला ओहळ, पश्चिमेला महूची दोन झाडं, वरच्या अंगाला उभा दगड. खाली अंगठा.

काशिनाथचा फोल्डर अर्धाच निघाला. त्याला मीच फोन करून सांगितलं. त्याच्या परवानगीशिवाय उघडला होता, तेही सांगितलं. त्याने ते बाजूला ठेवलं. मग कामाचं बोलला :

"सोनीच्या दाव्यात दुसरा जबाब पुरवणी म्हणून लाव. पहिल्याबद्दल बोलू नकोस."

"दोन्हींवर शुक्र्या धोडी. हद्दी वेगळ्या. उद्या म्हणतील, पहिला जमला नाही म्हणून दुसरा बनवला."

"आणि तू उभी राहून चूक झाली म्हणालीस, तर आपण सही केलेला प्रत्येक कागद संशयात. चाळीस दावे आहेत, सुमन. एकीसाठी?"

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. म्हणून लिहून ठेवलं.

२८ जानेवारी, बुधवार

सायवन. सोनी अंगणात भात झोडपलेला पेंढा रचत होती. उभ्याउभ्याच सांगितलं. मध्ये थांबले नाही, कारणं दिली नाहीत. तिने पेंढा खाली ठेवला नाही.

"दुसऱ्याचा कागद दिला?"

"हो. मी दिला. न वाचता."

"कोसबाडला भाषनात तुमी आमच्या बाबाचं नाव घेतलं. तवा तं बराबर घेतलंत."

कोसबाडला ती होती, हे मला माहीत नव्हतं.

मग खरा जबाब वाचून दाखवला. दुसऱ्याच ओळीला तिने अडवलं. महूची झाडं दोन नाहीत, तीन. एक पडलं, बुंधा आहे. ओहळ उत्तरेला आहे, पण बाबा नेहमी सांगायचे तो वरचा वाफा यात आलाच नाही. म्हाताऱ्याने सांगितलेलं तिच्याकडे कागदापेक्षा जास्त आहे. लक्षीने दीड पानात बसेल तेवढं घेतलं होतं.

काशिनाथचं म्हणणंही तिच्यापुढे ठेवलं. जमीन तिची.

"तुमी काय करनार?"

"खरं सांगणार."

"मंग मला कशाला इचारता?"

२९ जानेवारी, गुरुवार

प्रांत कचेरी. आमचा क्रमांक सातवा. मी उठले, सांगितलं : दाखल केलेला जबाब दुसऱ्या शुक्र्या धोडींचा आहे. नवीन यंत्रावर कागद हलवताना मिसळला. छापला मी, सही माझी. खरा हा. दावेदाराचा यात दोष नाही.

साहेब वयाने लहान, शांत. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले.

"दोन्हींवर सत्यप्रत म्हणून तुमचीच सही आहे, मॅडम."

"हो."

"यंत्र कुणाच्या सांगण्यावरून असं लावलं?"

"माझ्या."

"बाकीच्या दाव्यांत असं झालं नसेल?"

झालं असेल, म्हटलं. तपासून लेखी देते. कारकुनाने ते लिहून घेतलं. काशिनाथ मागे बसला होता. त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

हुकूम : कागदावर निर्णय नाही. १० फेब्रुवारीला जागेवर पाहणी, दावेदाराने हद्द स्वतः दाखवायची.

बाहेर काशिनाथ म्हणाला, "सगळं उघडं टाकून दिलंस." सोनी तिथेच होती. तिने दोघांकडे पाहिलं आणि वडापाव आणायला गेली. तीन आणले.

२ फेब्रुवारी, सोमवार

बैठक. माझा ठराव मागे घेते म्हणाले. नवी योजना लक्षी आणि परेशभाईने मिळून केली : ज्याचा फोल्डर त्याच्याकडे, जसाच्या तसा, वाचायला सगळ्यांना खुला, बदलायला एकालाच. प्रत्येक दाव्यावर गाव, पाडा, बापाचं नाव. आधी फक्त नावांची यादी हलवायची, ती लक्षीने नजरेखालून घालायची, मगच फायली. जुन्या डिस्कवरची एकही फाइल महिनाभर पुसायची नाही.

चार मिनिटांत बसले. वाटलं, संपलं.

उधव्याचा पांडू उठला. बारा तारखेला सगळ्यात आधी त्याचा हात वर गेला होता. "ताई, एका चुकीसाठी तत्त्व सोडायचं? कपाटाला कुलूप लावतो तोच मालक, असं तुम्हीच म्हणालात." वाक्य शब्दशः माझं. पुढची दोनही माझीच. चांगला बोलला. टाळ्या पडल्या.

मी म्हटलं, ते बोलणारी चुकली होती. पांडू म्हणाला, "मला नाही वाटत."

मतं : सात विरुद्ध सहा, माझ्या जुन्या ठरावाच्या बाजूने. मी मला हरवलं. काशिनाथचं मत मात्र आज माझ्या बाजूला. अंमलबजावणी तपासणी होईपर्यंत थांबवली, एवढं पदरात पडलं.

परेशभाई वायर गुंडाळत : "सर्व्हर हलवणं सोपं छे, ताई. तुमचे लोक हलवणं भारी."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस तपासणी. लक्षी वाचते, परेशभाई जुन्या डिस्कवरचं शोधतो, मी लिहिते. चाळिसातले सहा मिसळलेले. दोन मंगळ्या, एक शिणवार, बाकी शुक्र्याच. त्यांतले दोघे हयात आहेत, त्यांचा जबाब पुन्हा घेता येईल. काशिनाथच्या दोन जबाबांचा पत्ताच नाही, डिस्कच्या त्या भागात काही उरलेलं नाही. त्या दोघांतला एक माणूस जिवंत नाही. त्या घरी काशिनाथ जातो म्हणाला. मी येऊ का, विचारलं. नको म्हणाला.

साहेबांना लेखी दिलं. लक्षीने मसुदा वाचला, एक विशेषण काढलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

उद्या पाहणी. सोनी दुपारी तलासरीत आली. वाटलं, तयारीला आली असेल. मी टाचण करून ठेवलं होतं : आधी ओहळ, मग झाडं, पडलेल्या झाडाचा बुंधा, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर. तिने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, टेबलावर ठेवला.

"उद्या या तुमी. पन बोलू नका."

"का?"

"तुमी बोलल्या का साहेब तुमच्याकडंच बघतात. जमीन तिकडं राहते."

लक्षी तोंडाला पदर लावून हसली. मग मीही.

"बरं. काय सांगशील?"

"तिथं उभं राहिल्यावर येल तोंडात."

आजवर मी टाचणाशिवाय कुठे उभी राहिलेले नाही. ते तिला सांगितलं नाही. पाणी दिलं. पिऊन ती निघाली. नाक्यापर्यंत सोबत गेले. उधव्याची जीप भरत आली होती, मागे एकच जागा. पाय ठेवताना वळली.

"आनि माझ्याकडून चुकलं तं?"

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, चांगलं होतं. दिलं नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, ती आत सरकून बसली.